शांतता, पाटीसकट

फ्लँडर्समध्ये शांततासुद्धा सरकारदरबारी नोंदवलेली असते. बेल्जियमच्या या उत्तरेकडच्या, डच बोलणाऱ्या भागात काही परिसर अधिकृतपणे 'शांतता क्षेत्र' म्हणून जाहीर झालेले आहेत. डेंडर आणि मार्क या नद्यांमधला पट्टा त्यांतला पहिला, २००२ सालचा. आपल्याकडे शांतता क्षेत्र म्हणजे इस्पितळाबाहेरची हॉर्नवर फुली मारलेली पाटी आणि त्या पाटीखाली वाजणारे हॉर्न. इथं शांतता क्षेत्र म्हणजे अख्खी गावं, त्यांमधली शेतं, ओढे, कुरणं आणि वळणावळणाचे अरुंद रस्ते. पाटीच्या अलीकडे गाय हंबरते, पलीकडेही हंबरते; फरक एवढाच की पलीकडची नियमात बसून हंबरते. त्या मातीचे स्वतःचे आवाज, म्हणजे गाय, ट्रॅक्टर, चर्चची घंटा, चालतात. बाहेरून आणलेले नकोत, असा साधारण हिशोब. मी स्वतः बाहेरून आणलेला आवाज असल्यामुळे तिथून जाताना सायकलची घंटीही बेतानं वाजवतो.

शांततेची एवढी काळजी घ्यायचं कारण म्हणजे तिचा तुटवडा. फ्लँडर्समध्ये दर चौरस किलोमीटरला जवळजवळ ५०० माणसं राहतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राचा हाच आकडा ३६५ होता. म्हणजे इथली वस्ती आपल्यापेक्षा दाट. हे वाचून कुणी इथं गर्दी बघायला आला तर त्याची निराशा होईल. मधल्या वारी सकाळी दहा वाजता औदेनार्द गावाच्या दक्षिणेला सायकल काढा. घरं दिसतात. खिडक्या पुसलेल्या, खिडकीत दोन सारख्या कुंड्या, कुंड्यांच्या मधोमध चिनीमातीचं मांजर. अंगणात एक चपटं यंत्र आपलं आपण फिरून गवत कापत असतं. सगळं आहे, माणूस नाही. ही पाचशे माणसं दिवसा ठेवतात कुठं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता टेकड्यांविषयी. बेल्जियममधले खरे आर्डेन्स डोंगर दक्षिणेला, फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियात. देशातलं सर्वांत उंच ठिकाणही तिकडेच, ६९४ मीटर. एका देशात राहून शेजाऱ्याकडे आर्डेन्स आहे आणि आपल्याकडे नाही, ही गोष्ट फ्लेमिश मनाला लागणं साहजिक होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओमेर वाटेझ नावाच्या इथल्याच एका लेखकानं औदेनार्दच्या आसपासच्या टेकड्यांना 'फ्लेमिश आर्डेन्स' म्हणायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला. डोंगर उभा करायला निसर्गाला कोट्यवधी वर्षं लागतात. वाटेझनं ते काम एका विशेषणात उरकलं. आज नकाशावर, पाट्यांवर, पर्यटन खात्याच्या पत्रकांवर तेच नाव आहे आणि ते वाचताना कुणी हसत नाही.

या आर्डेन्समधली होटोंड ही मोठी टेकडी दीडशे मीटरच्या आसपास. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. म्हणजे लक्ष्मी रोडवर साडीचा पोत चिमटीत धरून बघणारा माणूस होटोंडच्या माथ्यावर धापा टाकणाऱ्या सायकलस्वारापेक्षा चारशे मीटर उंचावर उभा असतो आणि त्याबद्दल त्याला काडीचा अभिमान नसतो.

हे गणित माझं नव्हे, मामांचं. मामा पुण्याहून माझ्याकडे गेंटला राहायला आले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, पण दर रविवारी पहाटे सायकलनं सिंहगडाचा घाट चढतात, वर कांदाभजी आणि मडक्यातलं दही खातात आणि खाली येऊन ज्यांना सांगायचं त्या सगळ्यांना सांगतात. त्यांना मी मोठ्या उत्साहानं म्हटलं की उद्या आपण कोपेनबर्ग चढू, जगभरातले सायकलपटू तिथं माथा टेकायला येतात.

"उंची किती?" मामांनी विचारलं.

"माथा सत्त्याहत्तर मीटरवर आहे."

"जमिनीपासून?"

"नाही मामा, समुद्रसपाटीपासून."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "अरे, याला आमच्याकडे स्पीडब्रेकर म्हणतात."

गेंटहून औदेनार्दपर्यंत स्खेल्डे नदीच्या काठानं सायकलीचा सपाट रस्ता जातो. पूर्वी या वाटेवरून घोडे नावा ओढायचे; आता पेन्शनर एकमेकांना ओढतात. तिथपर्यंत मामांना आनंदच होता. एका बाजूला नदी, तिच्यातून वाळूचे पडाव चाललेले, दुसऱ्या बाजूला पॉप्लरची रांग, आणि मामांची १९७४ सालच्या पुणे-मुंबई सायकल प्रवासाची हकिकत. अडचण औदेनार्दनंतर सुरू झाली, आणि ती चढाची नव्हती. ती आकड्यांची होती.

इथले शांत रस्ते शोधायची एक पद्धत आहे. सायकलमार्ग जिथं एकमेकांना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला नंबर दिलेला असतो. तिथल्या खांबावर बाण असतात: इकडे गेलात तर ४२, तिकडे गेलात तर ७. तुम्ही घरी नकाशा बघून आकडे ठरवायचे, चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी हँडलला चिकटवायची आणि आकड्यामागून आकडा गाठत दिवसभर हिंडायचं. गावाची नावं कळायची गरज नाही, भाषा यायची गरज नाही. ही कल्पना ह्यूगो बोलेन नावाच्या खाण-अभियंत्याची. लिंबुर्ग प्रांतातली शेवटची कोळशाची खाण १९९२ साली बंद झाली. १९९५ साली त्याच प्रांतात असं पहिलं जाळं सुरू झालं. जमिनीखालच्या अंधाऱ्या बोगद्यांत माणूस हरवू नये म्हणून चौकांना नंबर देण्यात जी अक्कल होती, ती त्यानं जमिनीवरच्या उजेडात आणली. बघता बघता सगळ्या फ्लँडर्सवर आणि शेजारच्या हॉलंडवर आकडे पसरले. गाड्यांचे रस्ते टाळून शेतांमधून, ओढ्याच्या कडेनं, कुणाच्या तरी गोठ्याला वळसा घालून जाणारी वाट हवी असेल तर आकड्यांना शरण जाण्यासारखं सुख नाही.

मामांना ही पद्धत समजावल्यावर ते बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले.

"म्हणजे रस्ता विचारायचा कुणाला?"

"विचारायची गरजच नाही मामा."

"गरज नाही म्हणजे? विचारल्याशिवाय जायचं कसं?"

त्यांच्या प्रश्नात तथ्य होतं. आपल्याकडे रस्ता सापडणं हा रस्ता विचारण्याचा दुय्यम फायदा आहे. टपरीशी सायकल थांबवायची, "पानशेत कुठून?" म्हणायचं, मग बाकावरचे तिघं मिळून चार रस्ते सांगतात, त्यावरून त्यांचं आपसात वाजतं, आपण कुठले, कुणाकडचे, या वयात सायकल कशाला, अशी चौकशी होते, आणि चहा होतो. मामांनी आयुष्यभर असाच प्रवास केलेला. नकाशा येत नाही असं नव्हे. नकाशा उलट प्रश्न विचारत नाही, हे त्यांना खटकतं.

शेवटी एका वळणावर त्यांना माणूस दिसला. कात्री घेऊन कुंपणाची झाडं छाटत होता. मी नको म्हणायच्या आत मामा त्याच्यापाशी पोचलेसुद्धा. "कोपेनबर्ग?" असं विचारून त्यांनी दोन्ही हातांनी हवेत टेकडी काढून दाखवली. त्या माणसानं मामांकडे पाहिलं, हँडलवरची चिठ्ठी वाचली, आमच्या पाठीमागच्या खांबावरच्या आकड्याकडे कात्रीनं बोट दाखवलं आणि पुन्हा छाटायला लागला. उद्धटपणा नव्हता त्यात. त्याच्या दृष्टीनं प्रश्नाचं उत्तर आधीच खांबावर लावून ठेवलेलं होतं. तेच तोंडानं पुन्हा सांगणं म्हणजे कामाची पुनरुक्ती. मामा परत आले ते हिरमुसले होऊन. "कुठून आलात एवढंही विचारलं नाही रे," म्हणाले.

हे रस्ते बाकी फार सुंदर आहेत. रुंदी एका ट्रॅक्टरची. काँक्रीटच्या लाद्या एकापुढे एक टाकलेल्या, त्यांच्या सांध्यांवरून चाक गेलं की टक, पुन्हा टक, आणि त्या ठेक्यावर पाय आपोआप फिरतात. शरद ऋतूत बीट उपसायला लागले की शेतकरी रस्त्याच्या कडेला 'रस्त्यावर चिखल' अशी पाटी लावतो आणि मग निश्चिंत मनानं चिखल करतो. वाटेत जागोजागी लहानशी देवळं आहेत, मेरीची मूर्ती, समोर ताजी फुलं. फुलं कोण वाहतं ते दिसत नाही. कुरणात बेल्जियन ब्लू जातीच्या गाई असतात. या गाईला निसर्गानं मांसल केलं आणि माणसानं त्याचा अतिरेक केला. मांड्यांचे आणि पुठ्ठ्यांचे स्नायू असे काही फुगलेले की ती चरायला आली आहे की व्यायामाला, कळत नाही. सायकलवाला दिसला की चरणं थांबवून ती रोखून बघते. तोवरच्या प्रवासात आपल्याबद्दल कुतूहल दाखवणारा तो एकच जीव. मामांनी एकीशी थोडा वेळ बोलून घेतलं.

मग आलं ते यंत्र.

एका शेतघराच्या बाहेर, रस्त्याला लागून, पत्र्याच्या छपराखाली काचेच्या झडपांचं कपाट होतं. प्रत्येक झडपेआड एकेक वस्तू: अंडी, स्ट्रॉबेरीची टोपली, कांदे, बटाट्यांच्या पिशव्या. नाणी टाकायची, नंबर दाबायचा, झडप उघडते. खेड्यापाड्यात अशी यंत्रं बरीच दिसतात, पावाचीसुद्धा असतात. मामांनी कपाटाभोवती एक फेरी मारली.

"मालक?"

"आत असेल. किंवा शेतावर."

"मग भाव कुणाशी करायचा?"

"भाव लिहिलाय मामा."

"लिहिलेला भाव म्हणजे बोलणीची सुरुवात असते. शेवट नसतो."

तरीही त्यांनी माझ्याकडून सुटे घेतले आणि यंत्रात टाकले. माझा अंदाज असा की पैसे पडल्याच्या आवाजानं तरी कुणीतरी बाहेर येईल, अशी त्यांना आशा होती. कुणी आलं नाही. खट्ट करून झडप उघडली आणि मामा पाच किलो बटाट्यांचे धनी झाले.

"मामा, पुढं कोपेनबर्ग आहे."

"असू दे. पाच किलोनं काय होतंय? सत्त्याहत्तर मीटर तर आहे." त्यांनी बटाटे पाठीवरच्या सॅकमध्ये भरले आणि पट्टे आवळले.

कोपेनबर्गची लांबी ६०० मीटर. एवढ्या अंतरात माणूस दूध आणून परत येतो. पण त्यात एक टप्पा २२ टक्क्यांचा आहे, आणि रस्ता डांबरी नाही, घडीव दगडांचा आहे. नीट बसवलेल्या फरशीचा नव्हे. मधून फुगलेले, कडेला खचलेले, प्रत्येक दगडाचं दुसऱ्याशी जुनं भांडण असलेले गोटे. दोन्ही बाजूंना उंच दरडी, वर झाडांच्या फांद्या मिळालेल्या, त्यामुळे खाली ऊन येत नाही आणि दगड कायम ओलसर. चढाच्या तोंडाशी पाटी आहे: नाव, लांबी, सरासरी चढ, कमाल चढ. इथल्या प्रत्येक नामांकित टेकडीला अशी पाटी असते.

सुरुवातीला मामा पहिल्या बाजीरावाच्या घोडदौडीवर बोलत होते. चढ आठ टक्क्यांना गेला तरी वाक्यं पूर्ण होती. बारा टक्क्यांना क्रियापदं गळायला लागली. "बाजीराव... पालखेडला... निजाम..." एवढंच. सोळाला विशेषनामं गेली. अठरा टक्क्यांना फक्त अव्ययं शिल्लक राहिली: "अरे", "हं", "छे". बावीस टक्क्यांवर मामा गप्प झाले. त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही याचं गांभीर्य सांगायला नको. मागचं चाक एका ओल्या दगडावरून सटकलं, मामांनी पाय टेकला. आणि कोपेनबर्गवर एकदा पाय टेकला की पुन्हा सायकलवर बसता येत नाही. पेडल मारायच्या आत ती मागं घसरते. मी त्यांच्या आधीच उतरून चालत होतो. मला कुठलं घराणं पुढं चालवायचं नव्हतं.

मामांचा चेहरा बघून मी त्यांना इथला इतिहास सांगितला. 'फ्लँडर्सची फेरी' ही शर्यत कारेल फान वायनेनडाले नावाच्या क्रीडा पत्रकारानं आणि त्याच्या वर्तमानपत्रानं १९१३ साली सुरू केली. हा चढ तिच्यात १९७६ साली आला आणि आल्यापासून त्यानं भल्याभल्यांना खाली उतरवलं. सायकलीच्या इतिहासातला सर्वांत थोर मानला जाणारा एडी मर्क्स, बेल्जियमचाच सुपुत्र, त्यालासुद्धा इथं सायकल हातात धरून चालावं लागलं होतं. १९८७ साली येस्पर स्किबी हा डॅनिश खेळाडू एकटा आघाडीवर असताना इथंच पडला, आणि मागून येणारी शर्यतीच्या अधिकाऱ्यांची गाडी त्याच्या सायकलवरूनच गेली. त्यानंतर कोपेनबर्ग शर्यतीतून काढून टाकला. पुढं रस्ता दुरुस्त करून २००२ साली परत घेतला. दुरुस्त म्हणजे डांबर टाकलं नाही, दगडच पुन्हा बसवले. किती खराब असला म्हणजे रस्ता चांगला, याचं यांचं स्वतःचं मोजमाप आहे. इथले काही दगडी रस्ते तर कायद्यानं संरक्षित वारसा आहेत.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. श्वास परत आला होता.

"मर्क्स चालला होता?"

"हो."

"त्याच्या पाठीवर बटाटे होते का?"

यानंतर दिवसभर मामांची मान ताठ होती. पाटरबर्गही आम्ही त्याच ऐटीत चालत पार केला. हा चढ कोपेनबर्गपेक्षाही आखूड, चारशे मीटरसुद्धा नाही, पण बघताक्षणी पोटात गोळा आणणारा: हिरव्या टेकाडावर सरळ वर गेलेली करड्या दगडांची पट्टी. त्याची गोष्ट इथं सगळे सांगतात. एका शेतकऱ्याला वाटायचं की शर्यत आपल्या दारावरून जावी. दारासमोर चढ होता, पण रस्ता धड नव्हता. मग तिथं दगड बसवून घेतले आणि १९८६ साली शर्यत आली. आता तो तिचा शेवटचा चढ आहे. मामांना ही गोष्ट फार आवडली. "आमच्या गल्लीत डांबर पडावं म्हणून मी वर्षानुवर्षं अर्ज करतोय," ते म्हणाले. "चुकलंच. जागतिक स्पर्धा मागायला हवी होती."

जवळच औदे क्वारेमाँटचा चढ आहे, दोन किलोमीटरहून लांब. २०१७ च्या शर्यतीत पेटर सागान हा विश्वविजेता तिथं कडेकडेनं जोरात चढत होता. कडेनं अशासाठी की तिथं दगड जरा सौम्य असतात. प्रेक्षकांच्या कठड्यावर कुणाचं तरी जाकीट वाळत घातल्यासारखं लोंबत होतं. त्यात त्याचं हँडल अडकलं आणि तो पडला. पडताना आणखी दोघांना घेऊन पडला. एवढी शिस्त, एवढे आकडे, एवढ्या पाट्या असलेल्या देशात एका जाकिटानं शर्यत फिरवली, हे मला वैयक्तिकरीत्या दिलासादायक वाटतं.

क्वारेमाँटच्या माथ्यावर आम्हाला शेवटी माणसं भेटली, आणि तीही घाऊक. पेन्शनरांचा सायकल क्लब चालला होता. एकसारख्या जर्सी, दोन-दोनच्या जोड्या, पोटं नियमात नसली तरी रांग नियमात. बेल्जियमच्या वाहतूक कायद्यात या प्रकाराची रीतसर सोय आहे. पंधरा ते पन्नास जणांचा गट असेल तर सायकलमार्ग सोडून मुख्य रस्त्यानं जोडीजोडीनं जाता येतं. पन्नासाच्या वर गेलात तर किमान दोन 'मार्गकप्तान' सक्तीचे. कप्तानाचं वय एकवीस पूर्ण हवं, दंडावर राष्ट्रध्वजाच्या रंगांची पट्टी हवी, आणि सिग्नल नसलेल्या चौकात गाड्या थांबवायचा अधिकार त्याला असतो. या गटातही एकाच्या दंडावर ती काळी-पिवळी-लाल पट्टी होती. मामा तिच्याकडे बघतच राहिले.

"आमच्या सिंहगड ग्रुपात हे करायला हवं," ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण नको. सोळा जण आहोत, सोळाही पट्टी मागतील."

क्लबाचा आवाज म्हणाल तर साखळ्यांची सळसळ आणि मधूनच एक शब्द. पुढचा 'पाल्त्ये!' असं ओरडतो, म्हणजे रस्त्यात खुंट आहे. तो शब्द मागं मागं पोचवला जातो, प्रत्येक जण इमानानं ओरडतो, सगळे खुंटाला वळसा घालतात आणि पुन्हा शांतता. एवढ्या संभाषणावर ही मंडळी चाळीस-चाळीस वर्षं मैत्री टिकवून आहेत. मामांनी ओळख व्हावी म्हणून हात केला. सगळ्यांनी हात केला. संपलं.

रोन्सेच्या पुढं एका डोंगरधारेवर भाषेची सीमा आहे. इकडे डच, तिकडे फ्रेंच. भाषिक सीमा म्हटल्याबरोबर मामांचे कान टवकारले. बेळगावचा विषय त्यांच्या घरात जेवणाइतका नियमित. मी सांगितलं की ही सीमा १९६२ च्या कायद्यानं पक्की केली, आणि रोन्सेमध्ये फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी वेगळ्या सवलती आहेत.

"म्हणजे वाद मिटला?"

"छे, चालू आहे."

"मग ठीक आहे," म्हणून मामांनी समाधानानं गियर बदलला.

ब्राकेलच्या रानातून, एकामागून एक आकडे गाठत, आम्ही दुपारी गेरार्ड्सबर्गनला पोचलो. इथला चढ म्हणजे 'म्यूर'. गावाच्या बाजारचौकातून निघतो, गल्ल्यांतून वळतो, मग झाडीत शिरतो आणि शेवटी वीस टक्क्यांच्या दगडी वळणावर एका चॅपेलच्या पायाशी नेऊन सोडतो. चॅपेलच्या खालच्या अंगाला बसायची जागा आहे. आम्ही मातेनटार्ट मागवले. हा इथला खास पदार्थ: दूध फाडून केलेलं सारण, त्यात बदाम, भोवती पापुद्र्यांचं कवच. युरोपीय संघानं त्याला भौगोलिक संरक्षण दिलं आहे. हे गाव आणि शेजारचं लिर्दे सोडून दुसरीकडे कुणी या नावानं तो विकू शकत नाही. मामांनी दोन खाल्ले आणि वेलची कमी आहे असं मत दिलं. वेलची नव्हतीच.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ बिअर घेऊन बसले होते. त्यांची नजर मामांच्या सॅककडे वळत होती. तिच्यातून एक बटाटा डोकावत होता. बराच वेळ त्यांनी स्वतःला आवरलं. मग न राहवून त्यांनी मला डचमध्ये विचारलं की या सद्गृहस्थांनी म्यूरवर बटाटे का आणले आहेत.

मामांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो सकाळपासून पडला नव्हता. प्रश्न! एका अनोळखी माणसानं आपण होऊन विचारलेला प्रश्न! मी दुभाष्या झालो आणि पुढचा तासभर मला घास गिळायला सवड मिळाली नाही. मामांनी कुंपणवाल्यापासून मर्क्सपर्यंत सगळं सांगितलं. गृहस्थांनी म्यूरचं दुःख सांगितलं: शर्यतीचा शेवट पूर्वी इथून जवळ, मेरबेकेला व्हायचा, त्यामुळे निकाल म्यूरवर लागायचा. २०१२ साली शेवट औदेनार्दला नेला आणि म्यूर वगळला. तेव्हा निषेध म्हणून लोकांनी या चढाची अंत्ययात्रा काढली होती. पुढं २०१७ साली म्यूर शर्यतीत परत आला, पण शेवटापासून फार लांब. "तेरावा झाल्यावर माणूस परत आला तर घरात त्याला कोण विचारतं," मामा म्हणाले. हे डचमध्ये सांगताना मी घामाघूम झालो, पण गृहस्थांना पटलं.

मग बटाटे टेबलावर आले. गृहस्थांनी एक हातात घेतला, नखानं साल खरवडली, नाकाशी धरला. बिंत्ये जात आहे, म्हणाले, तळायला उत्तम. एकदा मंद तेलात, मग गार करून पुन्हा कडक तेलात, आणि तेल नव्हे, बैलाची चरबी. मामांनी 'राम राम' म्हटलं आणि काचऱ्यांची कृती सांगायला घेतली, साल न काढता, हिंग-मोहरीच्या फोडणीवर, झाकण ठेवून. साल ठेवायची म्हटल्यावर गृहस्थ खुर्चीत पुढं सरकले. झाकण ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी बिअर बाजूला ठेवली. आवाज चढले. आतून एक बाई बघायला आल्या, त्यांचं मत तिसरंच होतं. सालीवरून तिघांचंही जमेना.

शेवटी गृहस्थांनी पिशवीची किंमत विचारली. मामांनी सांगितली. ते एकदम गप्प झाले, बाईंकडे पाहिलं, आणि मला हळूच म्हणाले की त्यांच्या गल्लीच्या टोकाला असंच यंत्र आहे, तिथं हीच पिशवी एक युरोनं स्वस्त मिळते.

मी भाषांतर करावं की नाही अशा विचारात होतो, पण मामांना चेहऱ्यावरूनच कळलं.

"महाग पडले ना?" टेबलावर थाप मारून ते म्हणाले. "बघ! सकाळपासून ओरडतोय, कुणाला तरी विचारू म्हणून!"